वरळीची खोली की बदलापूरचा ब्लॉक?



शहरात राहणे बरे की उपनगरात, ही चर्चा आपल्या घरांतून काही नवी नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना किंवा थोरल्याचे लग्न होऊन एका खोलीत दोन संसार मावेनासे झाले, की हा विषय निघतोच. आता मात्र त्याला निकड आली आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, तेही घरातच संडास-न्हाणी असलेले. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथेही टप्प्याटप्प्याने काम चालू आहे. आनंदाचीच गोष्ट आहे. पण चाळीच्या नाक्यावर दुसरेही बोलणे कानी येते. "जागेला भाव आहे. भाड्याने देऊ, नाहीतर पुढेमागे विकून टाकू. बदलापूरला, टिटवाळ्याला दोन ब्लॉक येतील आणि वर चार पैसे हाती राहतील."

बोलणारे बहुधा पुरुष असतात. ज्या बाईला त्या ब्लॉकमधून रोज कामाला यायचे आहे, तिला अजून कोणी विचारलेले नसते. म्हणून आज हा हिशेब सर्वांनी मिळून मांडावा असे आम्हाला वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. चाळीचे नुसते गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे, मजल्यावर सामाईक संडास, सकाळी हातात डबडे घेऊन रांग आणि पावसाळ्यात गळणारे छत, हे ज्यांनी भोगले त्यांना चाळीचे कौतुक परक्याने सांगू नये. नवी सून पडद्याआड कपडे बदलते, मुलगा गॅलरीतल्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास करतो, घरात एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो. खुद्द बाबासाहेबांचे मुंबईतले शालेय शिक्षण परळच्या चाळीतल्या एका खोलीत झाले. घरात गलका, म्हणून लवकर झोपायचे आणि रात्री दोनला उठून अभ्यास करायचा, हा त्यांचा नेम आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ती त्यांची जिद्द होती. खोली लहान होती म्हणून ते मोठे झाले असे कोणी समजू नये. माणसाला हवा, उजेड, आडोसा आणि स्वतःचे दार लागतेच.

मग चाळीत होते तरी काय? याचे उत्तर वरळीच्याच इतिहासात आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, मुंबई सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते काढले. त्याच नावाची अक्षरे म्हणजे आपली बी. डी. डी. या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. बांधून झाल्या, पण वरळीच्या पुष्कळ खोल्या पहिली काही वर्षे भाडेकरूंवाचून रिकाम्याच राहिल्या. कामगार तिकडे जायला तयार होईनात. गिरण्या लांब, येण्याजाण्याची सोय नाही, बाजार नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

म्हणजे आज ज्या वरळीला आपण भर शहर म्हणतो, ती शंभर वर्षांपूर्वी त्या कामगारांच्या लेखी बदलापूरच होती! सिमेंटच्या भिंती सरकारने उभ्या केल्या, पण वरळीचे शहर माणसांनी केले. कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या माणसांनी एकेका खोलीत गावमंडळे बसवली. गावाहून आलेला पोरगा त्याच खोलीत वळकटी टाकून राहिला आणि गिरणीत, गोदीत, पालिकेत चिकटला. बाजार आला, बस आली, शाळा आली. जयंतीची मंडळे झाली, व्यायामशाळा झाल्या, रात्रीचे वर्ग झाले, विहारे झाली. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि महिनोन् महिने घरात पगार आला नाही, तेव्हा किती घरांची चूल शेजारच्या पिठावर पेटली, ते त्या पिढीला विचारा.

शहराची ही दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. खेड्याचे गोडवे बाबासाहेबांनी कधी गायले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बोलताना खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असेच त्यांनी बजावले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला शहरात नळाचे पाणी मिळाले, आगगाडीच्या बाकावर बसायला मिळाले, मुलाला कॉलेज मिळाले. शहरानेही जात पूर्ण सोडली नव्हती. गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्याला मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तरीही शहरात वाट होती. तेव्हा शहर म्हणजे नुसती गर्दी आणि धूर असे आपण म्हणणार नाही. आपल्यासाठी शहर म्हणजे कामाची, शाळेची आणि दवाखान्याची जवळीक. १९२६ पासून परळला उभे असलेले के. ई. एम. रुग्णालय वरळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्यरात्री छातीत कळ आली, तर त्या जवळिकीची किंमत कळते.

आता बदलापूरच्या ब्लॉककडे वळू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर. जलद लोकलनेही सव्वा तासाच्या वर लागतो. घरापासून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षा, गाडीची वाट पाहणे, मुंबईत उतरून पुन्हा बस किंवा चालणे धरले, तर एका वेळचे दोन तास कुठेच गेले नाहीत. दोन जायचे, दोन यायचे, म्हणजे रोज चार तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १०० तास, वर्षाचे १२०० तास. वरळीत राहून त्याच कामावर जाणाऱ्याला अर्धा तास जायला आणि अर्धा यायला लागतो असे धरू. त्याचे वर्षाचे ३०० तास होतात. फरक ९०० तासांचा. आठ तासांची एक पाळी धरली, तर वर्षाला ११२ पाळ्या बिनपगारी भरल्या! गिरणीत मालकाने एक पाळी फुकट मागितली असती तर आपण गेटवर लाल बावटा लावला असता. इथे ११२ पाळ्या आपण आपल्या हाताने लिहून देतो आणि त्याला स्वस्त घर म्हणतो.

या पाळ्या भरतो कोण, तेही पाहा. पुरुष घरी येतो, पाय धुतो, टीव्हीपुढे बसतो. कामाला जाणारी बाई पहाटे साडेचारला उठून डबे भरते आणि रात्री आठला येऊन पुन्हा ओट्यापुढे उभी राहते. लोकलला संडास नाही, म्हणून कितीतरी भगिनी सकाळपासून घोटभर पाणीही पीत नाहीत. त्याचा त्रास पुढे मूत्रमार्गाच्या दुखण्यात निघतो. गर्दीच्या जिवावरच्या धोक्याबद्दल तर बोलायलाच नको. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लोंबकळणारे प्रवासी गाडीतून पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. कामावर निघालेली माणसे होती ती.

परदेशातही अभ्यासकांनी हे तपासले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसातला सर्वात नकोसा वेळ ठरला तो सकाळी कामावर जाण्याच्या प्रवासाचा. स्टुट्झर आणि फ्रे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची माहिती तपासली आणि २००८ साली मांडले, की लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घराने किंवा जास्त पगाराने होईल असे माणूस धरून चालतो, पण समाधानाच्या मापात ती पुरी होत नाही. माणसाला जादा खोली डोळ्यांनी दिसते, जाणारे तास दिसत नाहीत. फसगत होते ती इथे.

लंडनचेही एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. तिथल्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतली कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेरच्या नव्या सरकारी वसाहतीत गेली. मायकेल यंग आणि पीटर विलमॉट यांनी त्यांच्यावर १९५७ साली पुस्तक लिहिले. घरे चांगली मिळाली, बाग मिळाली, मुलांना मोकळी हवा मिळाली. पण जुन्या वस्तीत मुलगी रोज आईकडे जात होती, बहीण बहिणीची पोरे सांभाळत होती, ते सुटले. नवऱ्याचा जाण्यायेण्याचा खर्च वाढला आणि बाई दिवसभर घरात एकटी पडली. आपल्याकडेही नव्या ब्लॉकमध्ये गेलेली आजी दार लावून बसते. चाळीत तिला दार लावायची सवयच नव्हती.

तर मग उपनगर वाईटच का? तसे आम्ही म्हणणार नाही. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांच्या खाली आली. त्याच काळात बदलापूरची वस्ती ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. ही सगळी माणसे वेडी नव्हती. गिरण्या गेल्या, मुंबईतल्या जागेचे भाव हाताबाहेर गेले, मुले मोठी झाली. ज्याला मुंबईत झोपडीशिवाय काही मिळणार नव्हते, त्याने कर्ज काढून बदलापूरला पक्के घर घेतले, तर त्याने कुटुंबाचे भलेच केले. ज्याचे कामच अंबरनाथच्या किंवा ठाण्याच्या कारखान्यात आहे, त्याला वरळीत राहून काय मिळणार? निवृत्त झालेल्या आणि दम्याच्या माणसाला मोकळी हवा मानवते. प्रश्न आहे तो ज्यांना शहरात हक्काचे चांगले घर मिळते आहे आणि ज्यांची रोजीरोटी शहरातच आहे, त्यांचा. त्यांनी घाई करू नये, एवढेच आमचे स्पष्ट मत आहे. नव्या इमारतीच्या मेंटेनन्सची धास्ती अनेकांना वाटते, ती खोटी नाही. पण महिन्याच्या मेंटेनन्सशेजारी चार माणसांचे रेल्वे पास, रिक्षाभाडे आणि त्या ११२ पाळ्याही लिहा आणि मग बेरीज करा.

ज्यांचे जायचे ठरलेच आहे, त्यांनी जागा पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. सोमवारी सकाळी सातला त्या स्टेशनवर उभे राहून पाहावे, आणि सोबत घरातली कमावती बाई असावी. नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते, हे बिल्डरला न विचारता तिथे राहणाऱ्या बाईला विचारावे. इमारत नदीच्या पूररेषेत तर नाही ना, हे नगरपालिकेत पाहावे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे लक्षात असू द्यावे. रात्री उघडा असणारा दवाखाना किती लांब, दहावीनंतर मुलीला कॉलेज कुठे, तेही पाहावे. मुलगी शिकायला दोन तास जाणार असेल, तर दोन वर्षांत तिचे शिक्षण थांबवण्याची भाषा घरातच सुरू होते.

आणखी एक गोष्ट. भाड्याच्या जागेसाठी गेल्यावर आडनाव विचारून "जागा गेली" सांगणारे शहरात आहेत तसे उपनगरातही आहेत. पण चाळीत आपण शेकड्याने होतो. नव्या सोसायटीत चाळीस ब्लॉकांत आपले घर एखादेच असते. मग दाराआतली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते, मुलाला शाळेत काय सांगायचे आणि काय नाही याची शिकवणी सुरू होते. अशा लपवालपवीत वाढलेल्या मुलाला ५०० चौरस फूटही अपुरे पडतात. तेव्हा जे गेले आहेत त्यांनी एकटे राहू नये. स्टेशनच्या आसपास आपली दहा घरे शोधा. पौर्णिमेला एका घरी जमा, वर्षावासात ग्रंथवाचन लावा, पाळीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांना संध्याकाळी एकत्र बसवून अभ्यास घ्या. सोसायटीच्या कमिटीत निवडून जा, हिशेब मागा. पाण्यासाठी, गाडीच्या फेऱ्यांसाठी अर्ज करायचा तर शेजारच्या सगळ्यांना बरोबर घ्या. तहान आणि गर्दी जात विचारत नाही.

घर घेताना चौरस फूट मोजणे सोपे असते, कारण ते कागदावर छापलेले असतात. मुलाला आई किती वेळ मिळते, म्हाताऱ्याशी दिवसात किती जण बोलतात, रात्री दुखले-खुपले तर दार ठोठवायला शेजारी कोण आहे, हे कोणत्याच कागदावर नसते. ते घरातल्या सर्वांनी एकत्र बसून मोजायचे असते. रिकाम्या वरळीत आपल्या आज्या-आजोबांनी वस्ती उभी केली. ज्यांच्या हाती त्या वरळीची चावी आली आहे, त्यांनी सही करण्याआधी एक संध्याकाळ हा हिशेब करावा, आणि पहिले मत घरातल्या बाईचे घ्यावे.