१५ ऑगस्टचा फोन

२०१० साली १५ ऑगस्ट रविवारी आला होता. स्टाफरूममध्ये केवढी हळहळ! एक सुट्टी बुडाली, असे जो तो म्हणत होता आणि खोटे कशाला बोला, त्यात आमचाही आवाज होता. घरी येऊन तेच गाऱ्हाणे सांगितले, तर अम्मी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "उसके कित्ते गए, गिने क्या कभी?"

आमचा धाकटा भाऊ तेव्हा फौजेत होता, काश्मीर खोऱ्यात. त्या दिवशी आम्ही खरोखरच मोजायला बसलो. भरती झाल्यापासून १५ ऑगस्टला तो एकदा घरी होता, २६ जानेवारीला एकदाही नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ऐकायला पुष्कळ वाटते. पण बहिणीचे लग्न, अब्बांचे आजारपण, घराचा स्लॅब यांत ती कधी संपते ते कळत नाही. शिवाय या दोन दिवसांच्या आसपास सीमेवर बंदोबस्त वाढतो, रजा मिळणे अवघड होते. युनिटमध्ये सकाळी झेंडावंदन, मिठाई आणि मग बडा खाना. त्यात अधिकारी स्वतः जवानांना वाढतात. मात्र जो वर चौकीवर आहे, त्याचा बडा खाना डब्यात भरून जातो आणि पोहोचेपर्यंत गार होतो.

खोऱ्यात या दोन दिवशी मोबाईल सेवा काही तास बंद ठेवण्याची पद्धत कित्येक वर्षे होती. कारण सुरक्षेचे, त्याला आमची हरकत नाही. पण ज्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून सीमेच्याच बातम्या चालतात, नेमका त्याच दिवशी फोन लागत नाही, हे घरच्यांनी कसे सोसावे? लाल किल्ल्यावरचे भाषण अम्मींनी कधी नीट ऐकले नाही. पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी त्या अक्षर अक्षर लावून वाचायच्या. भावजय स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहायची, घासलेलीच.

अशाच एका वर्षी झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनी आमची ओळख झाल्यावर विचारले, "अरे वा, तुमच्यातलेही फौजेत असतात?" १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद आम्ही वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. पाहुण्यांना सांगायचे राहून गेले. त्या वेळी डोक्यात एवढेच होते की फोन सुरू झाला असेल का.

२०१२ चा १५ ऑगस्ट मात्र विसरता येत नाही. बुधवार होता, २६ वा रोजा. शाळेत मुलांना जिलेबी वाटली. रोजेदार मुलांनी आपापली पुडी रुमालात बांधून इफ्तारसाठी घरी नेली, आम्हीही नेली. दिवसभर फोन नाही. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला आणि फोन वाजला. तिकडे त्या दिवसांत सूर्य आपल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटे उशिरा मावळतो, त्यामुळे त्याचा रोजा अजून सुटायचा होता.

"दस्तरखानावर काय आहे?" त्याने विचारले.

"जिलेबी."

"मलाही मिळालीय सकाळी. खिशात ठेवलीय. खिसा सगळा चिकट झालाय."

अम्मी हसल्या, पण त्यांनी ताटाला हात लावला नाही. घड्याळाकडे पाहत बसून राहिल्या. तिकडे रोजा सुटला असेल असा अंदाज आल्यावरच त्यांनी जिलेबी उचलली. त्या रात्री २७ वी शब होती. जागणार का, असे आम्ही विचारले होते, तर तो म्हणाला, "जागायचंच आहे. ड्यूटीच रात्रीची आहे."

फौजेत नमाजचे कसे, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या बायका हमखास विचारतात. सूरह निसाच्या १०२ व्या आयतीत शत्रूची भीती असतानाच्या नमाजची रीत सांगितली आहे. एक गट नमाज पढतो तेव्हा दुसरा हत्यारासह पहारा देतो. भावाच्या चौकीवर तो एकटाच मुसलमान. त्याच्या नमाजच्या वेळी पहाऱ्यावर उभा राहायचा तो कराडकडचा एक मराठा गडी. मग गणपतीला त्या गड्याला रजा मिळावी म्हणून हा आपली रजा पुढे ढकलायचा. घरी आम्ही त्यावर चिडलो होतो, हेही सांगितले पाहिजे.

त्याची मुलगी दुसरीत असताना तिने 'माझी सुट्टी' या विषयावर पाच ओळी लिहिल्या होत्या. तिसरी ओळ अशी: झेंड्याच्या दिवशी अब्बांचा फोन बंद असतो. बाईंनी तिच्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले होते. आम्ही ते खोडले नाही, नुसती वही परत दप्तरात ठेवली.

गेल्या वर्षी तो निवृत्त होऊन घरी आला. १५ ऑगस्टला आमच्या शाळेत आला, मागच्या रांगेत ताठ उभा राहिला. घरी आल्यावर मात्र त्याचा पाय ठरेना. अंगणात येरझारा चालल्या होत्या, हातात मोबाईल. जुन्या तुकडीतला एक जण अजून वर चौकीवर आहे, त्याला लावत होता. तिथे रेंज नसते.

अम्मींनी बशी पुढे केली. "शाम कू लगेगा," त्या म्हणाल्या, "तू जिलेबी खा पहले."