परसातले पाहुणे

चैत्र लागला की परसबागेला बहर येतो. मोगऱ्याला कळ्या धरतात, कढीपत्ता नव्या पालवीने भरतो आणि पहाटे दयाळाच्या शिळेने जाग येते. या अंकात आम्ही घराभोवतीच्या अशाच बागांविषयी लिहिलं आहे.

कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की पुष्कळांचा हात फवारणीकडे जातो. जरा थांबा, पान नीट पाहा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तपकिरी-पांढरी अळी तिथे असते. मोठी होताना ती हिरवीगार होते, कोषात जाते आणि एका सकाळी फुलपाखरू होऊन उडून जाते. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात.

शिंजीर पक्ष्याची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, गवत आणि सालपटं गुंफून वाऱ्यावर झुलणारं घरटं बांधते. दारावर वळचणीसारखं छोटं छप्परही काढते. शिंजीर मध पितो खरा, पण पिल्लांना भरवायला किडे आणि कोळीच लागतात. विष मारलेल्या बागेत फुलं असली तरी पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: यंदा कीटकनाशक बाजूला ठेवा, पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी पसरा आणि सावलीत उथळ भांड्यात रोज ताजं पाणी भरा. बाग छोटी असो वा गॅलरीतली, पाहुणे नक्की येतील.