थंडाव्याचा रोजनामा

वैशाखाचे दिवस, पारा ४३ अंशांवर, मागच्या आसनावर माझी ऐंशी वर्षांची आई, आणि हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर अशी गावे मागे टाकीत नांदेडच्या दवाखान्याकडे चाललेला प्रवास. अशा वेळी गाडीतला ए.सी. मी औषधांच्या पिशवीइतकाच निकडीचा मानतो. तो सर्वस्वी बंद पडला असता तर दुरुस्तीचा मार्ग तरी सरळ होता. परंतु आमचा ए.सी. अर्धापूरपर्यंत हिमगार वारा देई, आसना नदीच्या पुलाशी वाहनांची रांग लागली की ऊन ऊन उच्छ्वास टाकू लागे, आणि रांग सुटताच पाच मिनिटांत पुन्हा पूर्ववत होई. कित्येकदा तर रांगेतही तो गारच राही. आईचा चेहरा लाल झालेला पाहून मी काच खाली करू लागलो, की ती म्हणे, "राहू दे रे, झाडाखाली थांब थोडं." पुलावर झाड कुठले?

गॅरेजात गाडी उभी करावी, तर तेथे यंत्र मुकाट्याने थंड हवा देई. मग एकच निदान, "गॅस कमी झालाय, भरून घ्या." एका उन्हाळ्यात मी दोनदा गॅस भरून घेतला आणि दोन्ही वेळा पंधरवड्यात मूळची फिर्याद पुन्हा उभी राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नव्हे. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो, आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायुरूप होताना आतील हवेची उष्णता शोषून घेतो. हे चक्र बंदिस्त आहे. नळ्यांच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे किंचित गळती होते हे खरे, पण पंधरवड्यात तो संपत असेल तर कोठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे तो आकाशात सोडून देणे होय. पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा वायू असे. तो ओझोनच्या आवरणाला घातक ठरल्याने १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियलला करार झाला (आम्हा मराठवाडेकरांना ही तारीख लक्षात ठेवणे सोपे, कारण दुसरा दिवस मुक्तिसंग्रामाचा). त्याच्या जागी आलेला १३४-ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु वजनास वजन धरता शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. ज्या जिल्ह्यात उन्हाने माणसे हैराण आहेत, तेथे हा वायू निष्काळजीपणे उडवून देणे मला अपराधासमान वाटते.

अखेर आमच्या आळीतल्या, एस.टी.च्या आगारात हयात घालवलेल्या काकांपाशी मी ही कैफियत मांडली. त्यांनी बोनेट उघडलेदेखील नाही. म्हणाले, "कधी गरम होतो, ते लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी या." माझे आजोबा निजामी अमदानीत तहसील कचेरीत पेशकार होते आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत रोजनाम्यात खंड पडू देत नसत, असे घरात ऐकले होते, त्यांची आठवण ठेवून मी एक वही गाडीत टाकली आणि वेळ, ठिकाण, गाडी चालती की उभी, वाऱ्याचा झोत कमी झाला की झोत तोच राहून केवळ गारवा गेला, अशा नोंदी करू लागलो.

त्या वहीपुढे बसून काकांनी जे सांगितले ते मला मोलाचे वाटते. तासभर प्रवासानंतर झोतच क्षीण होत असेल, आणि ए.सी. बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटे चालवल्यावर तो पूर्ववत होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे असे समजावे, आणि प्रथम डॅशबोर्डाच्या कप्प्यामागचा फिल्टर काढून पाहावा; आपल्याकडच्या धुळीत तो लवकर बुजतो. कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती टक्, टक् करीत क्षणाक्षणाला चालू-बंद होत असेल, तर गॅस खरोखरच कमी असण्याचा संभव आहे. इंजिन तापल्यावर ती चकती अजिबात ओढली जात नसेल, तर तिच्या क्लचमधील फट झिजून वाढली आहे किंवा रिले दगा देत आहे. आणि गाडी चालती असता गार व उभी राहताच गरम असेल, तर पंख्याकडे पाहावे. कारण धावत्या गाडीत कंडेन्सरला वारा रस्त्यावरच मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच पुरवावा लागतो.

माझ्या वहीतील एकोणीस नोंदी सर्वच्या सर्व उभ्या गाडीच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात, उघड्यावर, हँडब्रेक ओढून गाडी चालू ठेवली. वीस मिनिटांनी हवा गरम झाली. काकांनी समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर मगभर पाणी सोडले. वाफ उठली आणि घटकाभरात आत गारवा आला. दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, याची ही साक्ष. मग त्यांनी पंख्याच्या मोटरीला, पात्यांपासून हात दूर राखून, लाटण्याच्या टोकाने हलकेच ठोकले. पंखा गर्रकन फिरू लागला. मोटरीतील कार्बन झिजले होते. मोटर ज्या स्थितीत थांबे त्यानुसार ती कधी उठे, कधी उठत नसे, आणि गॅरेजात नेमकी उठे. कंडेन्सरच्या पत्र्यांत माती, किडे आणि हळदीची पिवळी भुकटी यांचा लगदा बसला होता. मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो आढळणारच. तो आम्ही मंद धारेने, पत्रे न वाकवता, मागून पुढे धुऊन काढला. वायूच्या नळ्यांना मात्र काकांनी मला हात लावू दिला नाही. उणे २६ अंशांना उकळणारा तो द्रव दाबाखाली असतो. तो डोळ्यात उडाला तर दृष्टी जाते, असे त्यांनी बजावले. ते काम उपकरणे असलेल्या माणसाचेच.

नवी मोटर बसवल्यावर वहीत केलेली नोंद अशी: आसना पूल, दुपारी १ वाजता, रांग अर्धा तास, पंखा चालू, आईने पदर कानावर ओढून घेतला.