पासपोर्ट : आपल्या हक्काचा कागद

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ज्या बौद्ध कुटुंबांतून एखादा मुलगा वा भाऊ दुबई, दोहा, रियाध अथवा मस्कत येथे वाहनचालक, वायरमन, फिटर किंवा हॉटेलातील कामगार म्हणून गेला आहे, त्या कुटुंबांपुढे आम्ही आज एक विषय मांडीत आहोत. विषय दिसावयास लहान आहे. परदेशी असताना पासपोर्टाची मुदत संपत आली म्हणजे तेथील भारतीय वकिलातीमार्फत तो नवा करून घेणे, एवढाच तो विषय. ह्या कामावर पाक्षिकाची पाने खर्ची घालावयाची काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी दुसऱ्यांच्या वहीत केली, त्या समाजाने स्वतःचे नाव लिहिलेल्या कागदाकडे निष्काळजीपणे पाहणे बरे नव्हे.

पासपोर्टावर काय लिहिलेले असते ते एकदा उघडून पाहावे. नाव, आडनाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, जन्मस्थान; शेवटच्या पानावर आईबापांची नावे व पत्ता. जात त्यावर नाही. धर्मही नाही. शाळेच्या दाखल्यावर, तहसील कचेरीत, वसतिगृहाच्या अर्जात ज्या रकान्याने आपला पाठलाग केला, तो रकाना ह्या पुस्तिकेत नाही. 'भारतीय' हा एकच शब्द तेथे पुरेसा मानला आहे.

ह्या एका शब्दाचे मोल बाबासाहेबांच्या आयुष्यातून कळते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले. त्या परक्या शहरांत ते स्वतःच्या नावाने राहिले व शिकले. १९१७ साली ते मायदेशी परतले व बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. एका पारशी सराईत उतरण्यासाठी त्यांस नोंदवहीत पारशी नाव लावावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. परदेशात ज्याचे खरे नाव चालले, त्याला स्वदेशात खोटे नाव घ्यावे लागले! हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे, त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस, असे ते नाव आहे.

आता कायद्याकडे वळू. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी आहे, असे सरकारचे म्हणणे १९६७ पर्यंत होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात सतवंत सिंग साहनी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यानंतर त्याच साली पासपोर्टाचा कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा हक्क काढून घेण्याची रीतही न्याय्य व वाजवी असली पाहिजे. तेव्हा वकिलातीच्या खिडकीपाशी उभा राहणारा आपला मुलगा भिक्षा मागत नाही. तो आपले देणे मागतो आहे. त्याने तसेच उभे राहावे.

पण हक्क कागदावर मिळाला म्हणून भेद संपला असे नाही, ह्याचा दाखला फार जुना नाही. १२ जानेवारी २०१८ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले की, ज्यांच्या पासपोर्टावर ईसीआर असा शेरा आहे, त्यांस यापुढे नारिंगी वेष्टनाचा पासपोर्ट देण्यात येईल. इतरांचा निळाच राहील. हा शेरा कोणावर असतो? मुख्यत्वे दहावी उत्तीर्ण न झालेल्यांवर. म्हणजे मजुरावर, मोलकरणीवर, गवंड्यावर. जगातील प्रत्येक विमानतळावर हातातील पुस्तिकेच्या रंगावरून माणूस अशिक्षित व गरीब ओळखू यावा, अशी ती योजना होती. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू व गळ्यात मडके बांधून हिंडावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये लिहून ठेवले आहे. मडक्याऐवजी वेष्टन आले, एवढाच काय तो फरक. योजना आखणाऱ्यांच्या मनात जात नसेल. पण दूरवरून माणूस ओळखू यावा ही इच्छा कोठून येते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. देशभर टीका झाली, केरळच्या उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस सरकारने योजना मागे घेतली.

माणसाचे मूळ लिहावयाचेच नाही असे आमचे म्हणणे नाही. ते कशासाठी लिहिले जाते, हा प्रश्न आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी-खोदकामे आहेत, आणि ती आपल्या धम्माची आहेत. (लेण्याद्रीच्या विहारात आज कोणाची पूजा चालते, तो वाद येथे नको.) त्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. त्यांपैकी तीन लेखांतील दाते यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने लेण्यातील बांधकामास दान दिले. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून नाणेघाट चढून वर येणारा रस्ता जुन्नरला पोचत असे. त्या रस्त्याची ही माणसे. त्यांचे नाव व त्यांचे परदेशीपण दोन्ही दगडावर कोरले गेले, आणि त्यामुळे त्यांचे दान हलके ठरले नाही. संघाच्या भिंतीवर परक्याला स्वतःच्या नावाने जागा मिळाली. ज्यांच्या गावात हे दगड आहेत त्यांना, परमुलखात आपले नाव शाबूत ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयाची गरज नाही.

ईसीआरचा शेरा मात्र अद्याप आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये अशा माणसास नोकरीसाठी ठराविक १८ देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. दलालांच्या फसवणुकीपासून मजुराचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू आहे व तो हेतू खोटा नाही. परंतु जो एकूण तीन वर्षे परदेशी राहिला आहे, त्याचा हा शेरा निघू शकतो, मग तो दहावी उत्तीर्ण असो वा नसो. आणि तो काढून मागण्याची उत्तम वेळ म्हणजे पासपोर्टाचे नूतनीकरण. अर्जात तसे मागावे लागते. न मागितल्यास जुना शेरा नव्या पुस्तिकेत जसाच्या तसा उतरतो, आणि पुढील दहा वर्षे बरोबर राहतो.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधी करता येतो. तो आधीच करावा. पासपोर्टाची मुदत गेली म्हणजे तेथील वास्तव्याचा परवाना अडतो, परवाना अडला म्हणजे पगार व बँक अडते, आणि मनुष्य स्वतःचा काही अपराध नसता बेकायदा ठरतो. येथे सर्वांत मोठी अडचण वकिलातीची नसते. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, ही खरी अडचण. विमानतळावरून उतरताच 'सुरक्षित ठेवतो' म्हणून तो काढून घेतात आणि आपली मुले मुकाट्याने देतात. पासपोर्टाच्या कायद्याचे १७ वे कलम सांगते की, पासपोर्ट ही सदैव भारत सरकारची मालमत्ता आहे. ती भारत सरकारने ज्याच्या हाती दिली त्याच्याकडेच राहावी. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवू नये, असे आखातातील अनेक देशांचे कायदेही सांगतात. मालक देत नसेल तर वकिलातीकडे लेखी तक्रार करावी. पासपोर्ट हरवला तर प्रथम स्थानिक पोलिसांत नोंद करावी, मग वकिलातीत जावे. घरी परतण्यापुरता तातडीचा दाखला तेथे मिळतो. अडकलेल्या कामगारांच्या मदतीसाठी २००९ पासून वकिलातींकडे भारतीय समाज कल्याण निधी आहे. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून कोणी सावकाराचे दार ठोठावण्यापूर्वी त्या निधीची चौकशी करावी.

नवदीक्षित कुटुंबांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. दीक्षेनंतर अनेक जण नाव किंवा आडनाव बदलतात. जुने नाव कोणी तुच्छतेने ठेवलेले असते, ते टाकून द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत नाव बदलण्याची प्रतिज्ञा नाही. त्यांचे स्वतःचे आडनावही आंबडवे ह्या गावाच्या नावावरून आलेले; ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव भिवा रामजी आंबेडकर असे दाखल झाले, आणि त्याच आडनावाने त्यांनी जग जिंकले. नाव बदलावयाचे असेल तर अवश्य बदलावे, पण अर्धवट बदलू नये. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारावर दुसरे, पासपोर्टावर तिसरे, असे झाले की वकिलातीतील कारकून अर्ज परत करतो, आणि तेव्हा मुलगा दोहात व कागद घोडेगावात असतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा व मग सर्व कागद त्याप्रमाणे दुरुस्त करावेत. हे काम देश सोडण्यापूर्वीचे आहे. जातीची खूण नको म्हणून आडनावच गाळून टाकणाऱ्यांनीही जपावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने, पासपोर्टावर एकच नाव असलेल्यांस पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली.

दीक्षेमुळे सवलती बुडतील व पासपोर्टही अडेल, अशी भीती काही ठिकाणी घातली जाते. दोन्ही खोटे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या आहेत, आणि पासपोर्टाला धर्माशी कर्तव्य नाही. जातीचा दाखला व पासपोर्ट ह्यांची गल्लत करू नये. जन्मस्थान मात्र जन्माचेच लिहावे. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, म्हणून तेथे जन्मलेल्याने पुनर्वसनाच्या गावाचे नाव जन्मस्थान म्हणून लावू नये. गाव बुडाले तरी जन्माची नोंद बुडत नाही.

आता गावाकडील बाजू. अर्ज परदेशात केला तरी पोलीस-पडताळणी निघाली तर ती येथील पत्त्यावर येते, मग ते ठाणे ओतूरचे असो, नारायणगावचे असो वा मंचरचे. घरी कोणी न भेटल्यास प्रतिकूल अहवाल जातो. म्हणून मुलाने अर्ज केला की घरी त्याच दिवशी कळवावे. पडताळणीचा प्रश्न दोनच गोष्टींचा आहे : अर्जदार भारतीय नागरिक आहे काय, आणि त्याच्यावर फौजदारी प्रकरण आहे काय. जात कोणती, दीक्षा केव्हा घेतली, विहारात कोण येते, ह्या चौकशांशी पासपोर्टाचा काडीचाही संबंध नाही. तशी विचारणा झाल्यास नम्रपणे उत्तर नाकारावे व वरिष्ठांना लेखी कळवावे.

फौजदारी प्रकरणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. आपला मनुष्य अत्याचाराची तक्रार नोंदवतो, आणि लगेच त्याच्यावर उलट तक्रार दाखल होते, ही चाल खेड्यापाड्यांतून जुनी आहे. पासपोर्टाच्या कायद्याच्या ६ व्या कलमानुसार भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. बांधावरच्या भांडणातील एका उलट तक्रारीने रियाधमधील भावाची भाकरी तुटावी, असा हा डाव होऊ शकतो. पण नुसती पोलिसांत तक्रार नोंदली गेली म्हणजे न्यायालयात खटला प्रलंबित झाला असे नाही. आणि खटला उभा राहिलाच, तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाची परवानगी आणून पासपोर्ट मिळविता येतो. हे न कळल्याने माणसे तक्रार मागे घेतात, तडजोड करतात. तशी तडजोड करण्यापूर्वी वकिलास विचारावे. पोलीस खात्याकडून आमची मागणी एवढीच की, अशा अहवालात उलट तक्रारीचे स्वरूप व मूळ तक्रारीचा उल्लेख स्पष्ट असावा.

आखातातील शहरांतून आपले बांधव १४ एप्रिलची जयंती मोठ्या हौसेने साजरी करतात. त्या सभेच्या दाराशी एक टेबल मांडावे आणि दोन शिकलेल्या तरुणांनी तेथे बसून प्रत्येकाच्या पासपोर्टाची तारीख व शेरा तपासून द्यावा, अशी आमची त्या समित्यांना सूचना आहे. हारांचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल. ज्या जोडप्यांना तेथे मूल झाले आहे, त्यांची चौकशी त्या टेबलावर आधी व्हावी. ३ डिसेंबर २००४ पासूनच्या कायद्याप्रमाणे परदेशी जन्मलेल्या अशा मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, व त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती नोंद होत नाही, आणि नोंद होईपर्यंत ते मूल भारताचे नागरिक ठरत नाही.