सहांच्या गटात दाखल होताना

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाची सायंकाळ कोणत्या शिकवणीस वा छंदवर्गास द्यावी याचा आपण जेवढा खल करतो, त्याच्या दशांशानेही ते मूल कोणत्या समवयस्कांच्या सहवासात वाढावे याचा विचार करीत नाही, ही मला आजच्या पालकत्वातील फार मोठी उणीव वाटते. शिकवणीत मूल केवळ घेणारे असते. आपल्यावाचून चार जणांचे अडते, ही जाणीव तेथे उपजण्यास वावच नसतो.

म्हणूनच पाच ते दहा वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेल्या, बालवीर (स्काउट) चळवळीतील कब-बुलबुल पथकांचा मी आग्रहाने पुरस्कार करतो. थोरल्या भावांबरोबर बालवीर होऊ पाहणाऱ्या धाकट्यांसाठी या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली कबांची योजना सिद्ध केली, आणि तिला कथेचा आधार घेतला तो नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या अरण्यात वाढलेल्या मोगलीचा. मूळ बालवीर चळवळ त्याआधीच, १९०९ साली, हिंदुस्थानात आली तेव्हा तिचे दार एतद्देशीय मुलांना बंद होते. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, अ‍ॅनी बेझंट यांच्यासारख्यांना आपल्या मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभाराव्या लागल्या, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळे संघ एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली.

या योजनेतील सर्वांत दूरदर्शी तजवीज मला सहासहांच्या गटांची वाटते. पन्नासांच्या वर्गात लाजाळू मूल वर्षभर मागच्या बाकावर निभावून नेऊ शकते, परंतु सहांपैकी एक न आला तर खेळाची जोडी मोडते, दोरीचे दुसरे टोक धरण्यास कोणी उरत नाही, आणि त्याची अनुपस्थिती हजेरीपटाआधी सवंगड्यांना जाणवते. गटाचा नायकही मूलच असतो. नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीला गाठ मारावयास शिकविते तेव्हा, धाकटीपेक्षा थोरलीच अधिक शिकत असते असे मला नेहमी वाटत आले आहे. रोज एक सत्कृत्य करण्याचे कब-बुलबुलांचे वचनही अशा सोबतीतच पाळले जाते.

दुर्दैवाने कित्येक शाळांत वर्गचा वर्ग एका फर्मानाने सभासद करून घेण्याचा शिरस्ता पडला आहे: स्वातंत्र्यदिनाच्या आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनापुरते स्कार्फ बाहेर निघतात, दप्तर पूर्ण होते, आणि पथक कागदोपत्री नांदते. स्वेच्छा हे या चळवळीचे मूलतत्त्व असता सक्तीची भरती म्हणजे तिचा उघड अधिक्षेप होय. मुलाला काही आठवडे उमेदवार म्हणून नुसते खेळू द्यावे, त्याचे मन रमले तरच दीक्षाविधी करावा, आणि न रमल्यास पालकांनी त्याला दोष न देता परत घ्यावे. मात्र रमण्याजोगे पथक हवे असेल, तर शाळेने शनिवारचा एक पूर्ण तास त्यासाठी राखला पाहिजे, आणि तो तास घेणाऱ्या शिक्षकाला त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही कामास जुंपता कामा नये.