डोक्यावरून जाणारे अंतर

तास चालू असताना शिकाऊ विमानाचा आवाज येतो आणि क्षणभर साऱ्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळतात. बारामतीच्या विमानतळावर विमान चालवण्याचे शिक्षण मिळते. तिकीट काढून बसावे असे नियमित विमान मात्र तेथून सुटत नाही. "ते एकदा सुरू झाले, की सोलापूर अर्ध्या तासावर!" हे वाक्य कट्ट्यावर इतक्यांदा ऐकले, की शेवटी वहीच्या मागच्या पानावर मी हिशेबच मांडला.

बारामती आणि सोलापूर या दोन विमानतळांतले सरळ रेषेतले अंतर सुमारे 155 कि.मी. भरते. अशा जवळच्या मार्गांवरचे पंख्याचे विमान ताशी सुमारे 500 कि.मी. वेगाने जाते. म्हणजे उणीपुरी 19 मिनिटे! पण चढताना-उतरताना हा वेग नसतो. धावपट्टीच्या दिशेला वळून यावे लागते, तेही आलेच. तेव्हा 35 मिनिटे धरू.

आता मी इंदापूर तालुक्यातली. मला आधी सोलापूरकडे पाठ करून बारामतीला यावे लागेल. इंदापूरपासून हे अंतर सुमारे 50 कि.मी.; दीड तास. विमानतळावर तासभर आधी हजेरी. उतरल्यावर शहरात पोचायला अर्धा तास. बेरीज साडेतीन तासांच्या वर गेली. उलट इंदापूरहून महामार्गाने सोलापूर सुमारे 115 कि.मी.; फार तर अडीच-तीन तास. गंमत अशी, की विमानाची ती सरळ रेषा आमच्याच तालुक्यावरून जाते. उलटे जाऊन विमानात बसायचे आणि स्वतःच्याच शिवारावरून उडत जायचे!

विमानाला मी नावे ठेवत नाही. 2025 साली सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. एवढ्या लांबच्या, घाट ओलांडून जाण्याच्या प्रवासात विमान खरोखर वेळ वाचवते. 'गरिबाला विमान कशाला?' हा प्रश्नही मला मान्य नाही. 'मुलीला कॉलेज कशाला?' असा त्याचा सख्खा भाऊ आमच्या दारी येऊन गेला आहे. जुलै 2022 मध्ये बारामतीहून एकटीने उड्डाण केलेल्या एका शिकाऊ वैमानिक मुलीचे विमान आमच्या तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. सुदैवाने ती किरकोळ जखमांवर बचावली. मुलगी एकटीने विमान नेते, हे त्या दिवशी तालुक्याला कळले.

माझे म्हणणे एवढेच, की अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत न मोजता उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावे. मी रोज वाडीपासून फाट्यापर्यंत तीन कि.मी. चालते. ही वाट कोणत्याही वेळापत्रकात नाही. पण हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारून येते, तेव्हा मी पुढे शिकावे की नाही, याची चर्चा घरात याच तीन किलोमीटरवरून सुरू होते. अर्ध्या तासाच्या विमानाविषयी आपण इतके बोलतो. या पाऊण तासाच्या पायवाटेविषयी का बोलू नये?

विमान डोक्यावरून जाते, तेव्हा मीही मान वर करते. बारामतीहून प्रवासी विमान सुटेल, त्या दिवशी त्यात बसावेसे मलाही वाटेल. फक्त त्या दिवशी फाट्यापर्यंत कशाने जायचे, हे आधी कोणीतरी ठरवायला हवे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला