पशुधन आणि घरचा पशू

गेल्या वर्षी एका रात्री अकराच्या सुमारास, बंगळुरूतील आमच्या घरी नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड येरझाऱ्या घालू लागला. तो ओकू पाहत होता, पण बाहेर काहीच येत नव्हते. अपचन समजून आम्ही सकाळची वाट पाहायचे ठरवले. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आणि हिरड्या पांढुरक्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा एक वाजला होता. पहिल्या दवाखान्याला कुलूप होते. दुसऱ्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नव्हता. पहाटे तो गेला. जठर वायूने फुगून पिळले जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि शस्त्रक्रियेसाठी हाती फार तर काही तास उरतात, हे मला नंतर कळले. ज्याची हयात पूर आणि दुष्काळ हाताळण्यात गेली, त्याला घरातली आपत्ती ओळखता आली नाही.

जनावरांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक फिरते पशुवैद्यकीय पथक अभिप्रेत आहे. योजना स्तुत्यच, दुभती गाय दगावली की अख्खे कुटुंब कर्जात जाते. पण शब्द पाहा: पशुधन. राज्यघटनेच्या राज्यसूचीतही पंधराव्या नोंदीत पशुवैद्यक येते ते पशुधनाच्या जतन-संवर्धनाला जोडूनच. जे धन नाही, त्याची रात्र कोणाच्या खात्यात? गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात अशोकाने मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा शेजारी शेजारी नोंदवल्या होत्या. (इतिहासाच्या विद्यार्थ्याची ही खोड वाचकांनी सोसावी.)

माणसांचीच रुग्णालये अपुरी असताना कुत्र्यामांजरांचे लाड कशाला, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, परंतु येथे फुकट काहीच मागितलेले नाही. बंगळुरूत २०२५पासून पाच महापालिका आहेत. प्रत्येकीने रात्रभर उघडे, शस्त्रक्रियेची सोय असलेले एक सशुल्क केंद्र चालवावे आणि त्या रात्री कोणता डॉक्टर हजर आहे, हे दूरध्वनीवर सांगावे. श्वानपरवाना देताना त्याच कागदाच्या पाठीवर धोक्याची लक्षणे छापावीत: पाच मिनिटांहून लांबलेली आकडी, उन्हाने धापा टाकत कोसळलेला पग, वारंवार कुंथूनही लघवी न होणारा बोका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, हेही ठळक अक्षरांत. आमच्या घरी आता एक बोकाच उरला आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरचा क्रमांक मी फ्रिजवर चिकटवला आहे, आणि दर महिन्याला तो लावून पाहतो.